ही मधुकररावची

रोज सकाळी वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला निघाली की प्रयागबाई कमाल चौकाच्या अलीकडे एका भिंतीपाशी थांबायची. बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीची ती लांबलचक भिंत. गावातल्या सगळ्या टॉकीजांची पोस्टरं तिच्यावर एकमेकांच्या अंगावर चिकटवलेली असत. डोक्यावरची टोपली एका हाताने धरून प्रयागबाई डावीकडून सुरुवात करायची. तिला वाचता येत नव्हतं, ती चित्रं बघायची. पिस्तूल रोखलेला माणूस, भिजलेली बाई, नाग, देव. शेवटच्या पोस्टरपर्यंत नजर जाऊन आली की ती टोपली सावरायची आणि चालू लागायची.

"पाह्य वं, हिरोईन चालली," मागून येणाऱ्या बायका म्हणायच्या. नव्या बायकांना वाटायचं, हिला सिनेमाचं वेड आहे. तसं काही नव्हतं. एक पोस्टर भिंतीवर आलेलं नाही ना, एवढंच ती बघून घ्यायची. त्या पोस्टरवर दोन हात होते आणि हातांत अर्धी वळलेली विडी. ते हात तिचे होते.

नागपूरच्या इंदोऱ्यात तिचं दोन खोल्यांचं घर होतं. छप्पनच्या दसऱ्याला, लग्न होऊन नुकतीच आलेली ती, पांढरं लुगडं नेसून सासूच्या मागे दीक्षेच्या मैदानावर उभी राहिली होती. त्या दिवसातलं एकच तिला नेहमी आठवायचं: एवढी माणसं मोठ्याने बोलली, आणि कोणाचाही आवाज भ्यालेला नव्हता. पुढे भ्यायला तिला पुष्कळ मिळालं. नवरा आनंदराव कापडाच्या मिलमध्ये होता, तो खोकत खोकत गेला. मुलगी चारुशीला तेव्हा शाळेत होती. तेव्हापासून घर विडीवर चाललं.

विडीचं पान मधुकररावच्या हातात होतं. मधुकरराव सट्टेदार, कारखान्याचा ठेकेदार. सकाळी बायकांना तेंदूचं पान, तंबाखू आणि दोरा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी वळलेल्या विड्या घ्यायचा. घेताना त्यांवरून बोटं फिरवत काही बाजूला सारायचा. ही ढिली, ही जाड, हिचं तोंड उघडं. बाजूला सारलेली ती छाट. छाटीचे पैसे मिळत नसत आणि छाट परतही मिळत नसे. ती चांगल्या विड्यांबरोबरच विकली जाते, हे सगळ्या बायकांना माहीत होतं. मधुकरराव ओरडणारा माणूस नव्हता. "पोरगी काय म्हणते बाई? कॉलेजात जाऊन राहिली ना?" असं मायेने विचारायचा, आणि विचारता विचारता त्याची बोटं विड्या बाजूला सारत असायची. फार रागावला तर म्हणायचा, "बाई, उद्यापासून पान नाई." पलीकडच्या गल्लीतल्या कवडूची बायको इंदूबाई एकदा युनियनच्या सभेला जाऊन आली. दुसऱ्या दिवशी तिला तो असंच म्हणाला होता. ती पावसाळाभर रिकामं सूप मांडीवर घेऊन दारात बसायची. हातांना सवय, म्हणून बोटं नुसतीच हलायची. ते बघवत नसे, म्हणून बायका त्या गल्लीतून जाणं टाळायच्या.

पण अंगण त्यांचं होतं. दुपारी पाच-सहा जणी सुपं मांडीवर घेऊन बसल्या की त्यांचा एक खेळ चालायचा. वळता वळता एखादी विडी बिघडली, आणि ही आता छाटीतच जाणार असं दिसलं, की ती सुपाच्या कडेला टाकायची आणि म्हणायचं, "ही मधुकररावची." मग दुसरीने जोड द्यायची.

"ही त्याच्या बायकोच्या पाटल्याईची."

"ही त्याच्या फटफटीच्या पेट्रोलची."

"अन् ही वं? ही तं चांगली हाय."

"चांगली हाय म्हणूनच त्याची."

या खेळात प्रयागबाईचा हात कोणी धरू शकत नसे. खालच्या आवाजात, डोळे विडीवरून न उचलता, ती मधुकररावचं अख्खं घर एकेका विडीवर उभं करायची. पण हा खेळ अंगणापुरता होता. अंगणाबाहेर त्यातला एक शब्दही कोणी काढला नव्हता.

आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यात पुण्याहून गिरिधर नावाचा एक तरुण आला. अंगात विटका स्वेटर, कायम उपाशी असल्यासारखा चेहरा. विडी वळणाऱ्या बायकांवर त्याला मराठी सिनेमा काढायचा होता. चारूच्या कॉलेजातल्या एका सरांनी त्याला प्रयागबाईच्या अंगणात आणून बसवलं. नटी पुण्याची होती. तिला विडी वळता येईना, म्हणून हात प्रयागबाईचे घ्यायचे ठरलं. मग हात घेता घेता गिरिधरला तिचा चेहराही हवासा वाटला.

"मावशी, तुम्ही रोजच्यासारख्या बसा. रोज जसं बोलता तसंच बोला. आमच्याकडे बघू नका."

प्रयागबाईने त्यांची कामाची पद्धत दोन दिवस बघून ठेवली होती. नटी काहीतरी बोलायची, चुकायची, आणि कोणीतरी म्हणायचं, असू दे, आवाज नंतर मुंबईला भरायचा आहे. म्हणजे इथे घेतात ते नुसतं चित्र, बोलणं नंतरचं, असं तिने धरलं. नटीचा आवाज नंतर भरायचा होता आणि तिचा तेव्हाच घेत होते, हे तिला कोणी सांगितलं नाही. बांबूच्या टोकाला वांग्यासारखं काळं काहीतरी तिच्या डोक्यावर धरलं होतं. सावलीसाठी असेल, असं तिला वाटलं. हात चालू झाले. एक विडी बिघडली. सवयीने तिने ती कडेला टाकली आणि म्हणाली, "ही मधुकररावची." समोर बसलेल्या, शेजारच्या घरातल्या अंजनाबाईने जोड दिली आणि खेळ रंगला. फटफटी, पाटल्या, छाट कुठे विकली जाते ते दुकान, इंदूबाईचं रिकामं सूप, सगळं आलं. गिरिधर श्वास रोखून उभा होता. संपल्यावर तो तिच्या पायाच पडला. पुण्याकडची माणसं अशीच असतील, असं तिला वाटलं.

पुढच्या दिवाळीनंतर सिनेमा बर्डीवरच्या एका टॉकीजला दुपारच्या खेळाला लागला. गल्लीतल्या बायकांना पास मिळाले. अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. पडद्यावर आपले हात भिंतीएवढे झालेले बघून प्रयागबाईला आधी हसू आलं. मग त्या हातांनी एक विडी कडेला टाकली, आणि टॉकीजच्या चारी कोपऱ्यांतून तिचाच आवाज आला.

"ही मधुकररावची."

बायका हसल्या. मागच्या खुर्च्यांवरचे दोन अनोळखी पुरुषही हसले. ते हसू ऐकून बायका एकेक करत गप्प झाल्या. पडद्यावरची प्रयागबाई मात्र थांबेना. अंधारात अंजनाबाईने तिचं मनगट धरलं.

"नाव घेतलं वं तू," ती कुजबुजली. "नाव घेतलं त्याचं."

आठवडा संपायच्या आतच सिनेमा उतरला. मधुकरराव दुपारच्या मराठी खेळांना जाणारा नव्हता. त्याच्या कानावर काही गेलं नाही. तो आठवडा प्रयागबाई जेवली काय आणि झोपली काय, तिचं तिलाच कळलं नाही. पोस्टर भिंतीवरून खरवडून निघालं तेव्हा तिला वाटलं, सुटलो.

संक्रांतीनंतर एके दिवशी चारू पेपर घेऊन धावत आली. मुंबईला दरसाल सिनेमांना पारितोषिकं देतात, त्यासाठी गिरिधरने सिनेमा पाठवला होता. नागपूरच्या कोणा लिहिणाऱ्याने छापलं होतं की नामांकनात हा सिनेमा असणारच, आणि सहायक अभिनेत्रींत इंदोऱ्याच्या विडी वळणाऱ्या बाईंचं नाव आलं नाही तर तो अन्याय ठरेल.

"माय, तुयं नाव हाय पेपरात. पाह्य, इथं."

प्रयागबाईने त्या काळ्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि लगेच उचललं.

"नामांकन झालं तं काय होते?"

"मंग बक्षीस भेटू शकते. सिनेमा पुन्हा लागते. करमुक्त होते, तिकीट स्वस्त. सारं नागपूर पाहीन."

"सारं नागपूर," प्रयागबाई म्हणाली. तिने पानाच्या पोत्यावर पाणी मारलं. ते पोतं चारूने आताच ओलं केलं होतं.

त्या दिवसापासून तिच्या हातांना काय झालं कोण जाणे. पान दुमडताना फाटायचं, दोरा तुटायचा. छाट वाढायला लागली. कारखान्यात मधुकररावने एका सकाळी तिच्या विड्या पुढ्यात ओढल्या आणि मान वर न करता विचारलं, "हात कापून राहिले का बाई?"

"थंडी हाय, भाऊ."

"हं." बोटं फिरत होती. "सिनेमात काम केलं म्हणे तुमी. आमाले नाई दाखवला?"

रांगेतल्या मागच्या बायका जागच्या जागी थिजल्या.

"काई नाई, भाऊ. नुसते हात हायेत."

"असं कसं? पेपरात आलं म्हणते आमची सून." तो हसला. "आता ते नामांकन का काय ते होऊ द्या, मंग पुन्हा लागीन. घरची सारी घेऊन जातो. आपल्या कारखान्याची बाई पडद्यावर, पाहाले तं पायजेच."

परत येताना गल्लीच्या तोंडाशी अंजनाबाई थांबली. "तू एकटी नाई बोलली, मले कबूल हाय. जोड मीनंच दिली. पण तुया तोंडून नाव गेलं. आता तुयापायी साऱ्या गल्लीचं पान जाईन."

"नाई व्हाचं नामांकन."

"पोरगी तं म्हणते होईन."

"पोरगीले काय समजते," प्रयागबाई म्हणाली. पण चारूला सगळं समजतं असंच ती आजवर मानत आली होती, आणि म्हणूनच पायाखालची जमीन हलत होती.

त्या संध्याकाळी तिने चारूला विचारलं, "त्या बाबूले सांगून तेवढं कापून टाकता येईन का वं?"

चारूने पुस्तक बाजूला ठेवलं. "काय?"

"मायं बोलणं. हात राहू दे त्याईले पायजे तं."

"माय, साऱ्या सिनेमात तेच तं चांगलं हाय. आमचे सर म्हणे, असं कोणी बोललंच नाई आजपावतर. काहून कापाचं?"

"तुले चांगलं वाटते. मले भेव वाटते."

"कोणाचं, त्या मधुकररावचं? काय करीन तो?"

चारूच्या अंगावरची साडी, समोरचं पुस्तक, कंदिलातलं तेल, सगळं त्याच पानातून आलेलं होतं. हे मुलीला मोजून दाखवायचं तिला जमेना. चारू मग भिंतीकडे तोंड करून बसली. नामांकनाच्या दिवसाची ती सणासारखी वाट बघत होती, आणि आईच्या चेहऱ्यावर कोणाच्या मरणाची बातमी यायची असल्यासारखं काहीतरी दिसत होतं. दोघी एकाच खोलीत एकाच बातमीची वाट बघत होत्या.

बातमी गिरिधरच घेऊन आला. चारूच्या सरांकडे उतरला होता. दुपारी अंगणात आला आणि सुपांच्या मधोमध, बायकांनी सरकून केलेल्या जागेत, मातीवरच बसला.

"एकही नाही," तो म्हणाला. "दिग्दर्शन नाही, कथा नाही, अभिनय नाही. कशातच नाव नाही आपलं."

"पण पेपरात तं छापलं होतं," चारू म्हणाली.

"त्या पेपरला कोण विचारतं?"

चारू उठून आत गेली. तिचं रडणं दाराआडून ऐकू येत होतं. प्रयागबाईच्या अंगातून मात्र कित्येक दिवसांची गाठ सुटत गेली. आत मुलगी रडते आहे आणि आपल्याला हलकं वाटतं आहे, याची तिला लाज वाटली. तिने चुलीवर चहा टाकला, त्यात आलं ठेचून घातलं. कप भरताना हात कापला नाही. अंजनाबाईने तिच्याकडे बघून डोळे मिटले आणि उघडले. वाचलो, असा त्याचा अर्थ होता.

"खा काई तरी, बाबू," प्रयागबाई म्हणाली. "उपाशी दिसून राहिला तू."

गिरिधरने कप दोन्ही हातांत धरला. "परीक्षकांतले एक जण नंतर भेटले मला. चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, सिनेमा मध्येच फार रेंगाळतो. एक बाई बसून कितीतरी वेळ बोलते आणि घडत काहीच नाही."

अंगणातले हात थांबले.

"काईच नाई घडत?" प्रयागबाईने विचारलं.

"असं म्हणाले."

"त्याईले ऐकू तं आलं ना बाबू, मी बोलली ते?"

"आलं की. आवाज स्वच्छ होता."

"छाटीचं बी? इंदूबाईचं बी?"

"सगळं ऐकलं त्यांनी, मावशी."

"मंग?"

गिरिधरने मान हलवली. चहा संपवून तो गेला. त्याने पुढे सिनेमा काढल्याचं कोणाच्या कानावर आलं नाही.

प्रयागबाई दिवस मावळेपर्यंत विड्या वळत राहिली. आजवर ती एका माणसाला भीत आली होती. त्याने ऐकलं असतं तर तो चिडला असता, पान तोडलं असतं. सगळं ऐकून ज्यांना काहीच झालं नाही अशी माणसं तिच्या भीतीत कधी आलीच नव्हती. ती कशी दिसत असतील, याचा ती विचार करत राहिली. पाठीवरून गार पाण्याची धार गेल्यासारखं होत होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मधुकररावने तिच्या विड्या पुढे ओढल्या.

"काई भेटलं नाई म्हणते तुमच्या सिनेमाले."

"नाई, भाऊ."

"जाऊ द्या. आपलं काम बरं आपल्याले." बोटं फिरायला लागली. ही ढिली. ही जाड. मग त्याने एक विडी सारली. ती प्रयागबाईला लगेच ओळखू आली. आदल्या दुपारी चहा देऊन झाल्यावर शांत झालेल्या हातांनी पहिली वळलेली तीच. तिच्यात काही खोट नव्हती.

"ही मधुकररावची."

अंगणात निघायचा तसाच, खालचा, साधा आवाज. आपण बोललो हे तिला तो आवाज ऐकून कळलं. मागे रांगेत अंजनाबाईचा श्वास अडकलेला ऐकू आला. मधुकररावची बोटं थांबली.

"काय म्हणल्या?"

कानांत मिलच्या भोंग्यासारखा आवाज घुमायला लागला. "काई नाई, भाऊ. मोजून राहिली."

मधुकररावने ती विडी उचलली. डोळ्यांजवळ नेऊन फिरवून बघितली, दोरा नखाने चाचपला. मग ओठांत धरली, काडी ओढली आणि शांतपणे पेटवली. धूर सोडताना तो तिच्याकडे बघत होता.

"चांगली वळता बाई तुमी," तो म्हणाला. "या उद्या."

ती रात्र कशी गेली ते तिने पुढे कोणाला सांगितलं नाही. सकाळी पान मिळालं. जुनं, भोकं पडलेलं, निम्मं वाया जाणारं, पण मिळालं. पुढच्या आठवड्यात बरं पान मिळालं, मग पुन्हा भोकांचं. त्याने ऐकलं होतं की नव्हतं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. अंगणातला खेळ मात्र बंद झाला. बिघडलेली विडी बायका मुकाट्याने कडेला टाकायला लागल्या.

सिनेमा कुठेच पुन्हा लागला नाही. वर्षं गेली. चारूला शाळेत नोकरी लागली. आता विड्या सोड, असं ती म्हणायची, पण प्रयागबाईने सोडल्या नाहीत. भिंतीपाशी थांबणंही सुटलं नाही. एकदा चारू बरोबर होती.

"आता काहून पाहतं वं माय? कोण लावते तो आता?"

"लावला तं?"

"नाई लावत कोणी."

प्रयागबाई पुढे चालायला लागली. दोन दिवसांनी भाकरी थापताना मध्येच थांबून म्हणाली, "खरंच नाई लावत का वं कोणी?" चारूने वर बघितलं, तर आईची पाठ होती.

शहाऐंशीच्या चैत्रात तिच्या छातीच्या दुखण्याने जोर धरला. तंबाखूची धूळ, डॉक्टर म्हणाले, आता काही करण्यासारखं नाही. कारखान्यात जाणं बंद झालं. चारू शाळेतून त्या रस्त्याने यायची, आणि आल्यावर तिला भिंतीचं सांगावं लागायचं. प्रयागबाई गेली त्या दिवशीही दुपारी चारू दारात चपला काढत असतानाच तिने खाटेवरून विचारलं होतं, भिंतीवर काय लागलं आज?

"मारामारीचा हाय एक, माय. अन् एक देवाचा."

"बस?"

"बस."

प्रयागबाई छताकडे बघत पडून राहिली. श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजत होता. खाटेखाली कालच्या पानाचं पोतं होतं. शेजारची अंजनाबाई आपल्या वाट्याचं पान तिच्यासाठी ठेवून जायची, ते. थोड्या वेळाने तिने हात खाली सोडून पोतं चाचपलं.

"पोत्यावर पाणी मार वं," ती म्हणाली. "पान वाळून राहिलं."